शास्त्राच्या ओसरीवर : शिसपेन्सिलीची भिंत

वैशाखाच्या अंकांत आपण याच ओसरीवर बसून माठांतील पाणी गार कां होतें याचा विचार केला होता. मातीच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात, त्यांतून पाणी पाझरतें, आणि त्याची वाफ होतांना ती माठाचीच उष्णता घेऊन जाते, हें वाचकांस स्मरत असेलच. तो अंक घरीं आला त्याच संध्याकाळची गोष्ट. माझा नातू झोपाळ्यावर बसून पेन्सिलीला टोंक काढीत होता. टोंक तीन वेळां मोडलें. चौथ्या वेळीं मोडलेला काळा तुकडा बोटांत फिरवीत त्यानें विचारलें, "आजोबा, माठांतून पाणी जातें, तसा ह्या शिशांतून वारा जात असेल का?"

मी तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्या वडिलांनीं उत्तर दिलें, "कांहीं तरी विचारूं नकोस. ती काय चाळणी आहे? आधीं गणितें पुरीं कर." मुलगा निमूटपणें वहीकडे वळला. मीही तेव्हां गप्प राहिलों. बाप मुलाला बोलत असतां आजोबांनीं मध्यें पडूं नये, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. परंतु रात्रीं अंथरुणावर पडलों तरी तो प्रश्न मनांतून जाईना. कारण हाच प्रश्न १८६३ सालीं लंडनमध्यें एका थोर रसायनशास्त्रज्ञानें हातीं घेतला होता. त्याच्या उत्तरासाठीं त्यानेंही पेन्सिलीचेंच शिसें वापरलें होतें. आणि पुढें मोठमोठ्या अणुभट्ट्यांचें आयुष्य त्याच प्रश्नाच्या उत्तराशीं बांधलें गेलें. अशा प्रश्नाला 'कांहीं तरी' म्हणून वाटेला लावणें बरें नव्हे. नातवाला त्या दिवशीं जें सांगावयाचें राहून गेलें, तें आज वाचकांसमक्षच सांगतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. पेन्सिलींतील शिसें हें शिसें नव्हेच. शिसें हा जड धातु. पेन्सिलींत असतें तें ग्राफाइट. कोळसा, हिरा आणि ग्राफाइट हे तिघे एकाच कार्बनच्या कुळांतले सख्खे भाऊ. कोणी चुलींत गेला, कोणी अंगठींत बसला, आणि तिसऱ्यानें मुलांच्या दप्तरांत जागा धरली, इतकेंच. खाणींतही ग्राफाइट सांपडतें. परंतु कारखान्यांस लागणारें पुष्कळसें ग्राफाइट आज कृत्रिम रीतीनें तयार करतात. पेट्रोलियमपासून निघालेला कोक दळावयाचा, दगडी कोळशाच्या डांबरांत तो लाडवाच्या पिठाप्रमाणें मळावयाचा, त्याचे ठोकळे पाडावयाचे आणि भट्टींत भाजावयाचे. पुढें विजेच्या प्रवाहानें त्यांना २५०० ते ३००० अंशांपर्यंत तापविलें म्हणजे कार्बनच्या अणूंची नीट रचना लागून ग्राफाइट बनतें.

आतां या पाकक्रियेंत एक मौज आहे. अनारसा तळतांना जशी त्याला जाळी पडते, तशी या ठोकळ्यालाही पडते. भाजतांना डांबरांतील उडून जाणारा अंश वायुरूपानें बाहेर पडतो आणि जातांना आपली वाट मागें ठेवून जातो. जाळी किती पडली याचा हिशेब घरच्या गृहिणीसही करतां येईल. निर्दोष ग्राफाइटाच्या एका घन सेंटिमीटराचें वजन २.२६ ग्रॅम भरावयास पाहिजे. कारखान्यांतील ठोकळ्याचें तें १.७ ते १.८ ग्रॅमच भरतें. म्हणजे जो ठोकळा आपणांस लोखंडासारखा भरीव वाटतो, त्याचा पांचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग पोकळ असतो.

परंतु पोकळी किती आहे एवढें समजल्यानें प्रश्न सुटत नाहीं. वाड्यांत खोल्या किती आहेत यावरून वाड्याच्या पुढील दारानें शिरून मागील दारीं निघतां येईल कीं नाहीं, हें कळत नाहीं. कांहीं खोल्यांना एकच दार असतें, कांहीं दारें कायमचीं चिणलेलीं असतात, कोठें बोळ अरुंद असतो. ग्राफाइटाच्या अंतरंगाचेंही असेंच आहे. आंत कोणाला पाठवून पाहाणी करवितां येत नाहीं. तेव्हां एकच उपाय उरतो : एका बाजूनें वायु सोडावयाचा, दुसऱ्या बाजूस तो किती व किती वेळांत निघतो हें मोजावयाचें, आणि त्यावरून आंतल्या वाटा ओळखावयाच्या. हा उपाय ज्यानें शास्त्राला शिकविला तो थॉमस ग्रॅहॅम.

ग्रॅहॅमचा जन्म १८०५ सालीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं झाला. वडील सधन कारखानदार होते. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी त्यांची मनापासून इच्छा. त्यासाठीं १८१९ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्यांनीं त्याला ग्लासगोच्या विद्यापीठांत घातलें. तेथें टॉमस टॉमसन या अध्यापकाचीं रसायनशास्त्रावरील व्याख्यानें मुलाच्या कानीं पडलीं आणि त्याचें मन कायमचें तिकडे लागलें. वडिलांना हें रुचलें नाहीं. त्यांनीं पैशाचा हात आंखडता घेतला. मुलगा एडिंबरोस गेला आणि शिकवण्या करून, लेख लिहून आपला चरितार्थ चालवूं लागला. आईनें आणि बहिणीनें मात्र त्याची पाठ सोडली नाहीं. आपल्याकडील अनेक घरांत अशीच गोष्ट घडलेली वाचकांना आठवेल; वडील भिक्षुकी किंवा वकिली म्हणतात, मुलगा दुसरेंच म्हणतो, आणि स्वयंपाकघरांतून कोणी तरी गुपचूप पैसे पाठवितें.

त्या सुमारास जर्मनींत येना येथें डोबेरायनर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाला एक चमत्कार दिसला होता. त्यानें काचेच्या एका पात्रांत हायड्रोजन वायु भरून तें पाण्यावर पालथें ठेवलें होतें. पात्राला एक बारीक तडा गेलेला होता. कांहीं वेळानें पाहातो तों पात्रांतील पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षां वर चढलेलें! हायड्रोजन निसटला हें उघड होतें; पण तड्यांतून हायड्रोजन बाहेर जातो तर हवा तितकीच आंत कां येत नाहीं? डोबेरायनरनें १८२३ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. ग्रॅहॅमनें ती वाचून तड्याच्या जागीं मुद्दाम तयार केलेली सच्छिद्र भिंत घेतली. काचेच्या नळीचें एक तोंड त्यानें प्लास्टर ऑफ पॅरिसनें बंद केलें, नळींत निरनिराळे वायु भरले, आणि किती वायु गेला व त्याच्या बदलीं किती हवा आली, हें मोजीत बसला.

त्यांतून जो नियम निघाला तो त्यानें १८३१ सालीं एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. वायु जितका हलका तितका तो जलद पसरतो. परंतु हें प्रमाण सरळ नसून वर्गमुळाचें आहे. प्राणवायु हायड्रोजनच्या सोळापट जड. सोळाचें वर्गमूळ चार. म्हणून हायड्रोजनची गति प्राणवायूच्या चौपट. डोबेरायनरच्या पात्रांतील पाणी वर कां चढलें, याचा उलगडा इतक्या साध्या गणितानें झाला. हायड्रोजन भराभर निघून गेला, हवा आपल्या मंद चालीनें येत राहिली, आणि आंत जी तूट पडली ती पाण्यानें भरून काढली.

दुसरा कोणी असता तर येथेंच थांबता. ग्रॅहॅम १८३७ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक झाला. १८५५ सालीं सरकारी टांकसाळीचा प्रमुख झाला, ज्या जागेवर पूर्वीं खुद्द न्यूटन बसला होता. मान मिळाला, वय झालें. पण प्लास्टरची भिंत त्याला पुरेशी समाधानकारक वाटत नव्हती. तिचीं छिद्रें जरा मोठीं. त्यांतून वायूचे रेणु एकएकटे तर जातातच, पण दाबांत थोडा फरक पडला तर वायूचा लोंढाही घुसतो. दोन क्रिया एकत्र मिसळल्या म्हणजे माप कशाचें घेतलें हेंच कळत नाहीं. त्याला अधिक बारीक छिद्रांची भिंत पाहिजे होती.

ती त्याला मिळाली पेन्सिलीच्या शिशांत. इंग्लंडमधील बॉरोडेल येथील खाणींत उत्कृष्ट ग्राफाइट निघत असे. परंतु अखंड, चांगले तुकडे दुर्मिळ होत चालले होते. विल्यम ब्रॉकडन हा मूळचा चित्रकार. त्यानें ग्राफाइटाची पूड घेऊन, तींतील हवा काढून घेऊन, प्रचंड दाबानें तिची पुन्हां वडी करण्याची युक्ति काढली आणि १८४३ सालीं तिचें पेटंट घेतलें. ह्याच ग्राफाइटाची एक चकती ग्रॅहॅमनें कापली आणि ती घांसून घांसून अवघी अर्धा मिलिमीटर जाड केली. ती काचेच्या नळीच्या तोंडावर चिकटविली, नळी पाऱ्यावर उभी केली, आणि जुनें मोजमाप नव्यानें सुरू केलें. त्या वेळीं त्याचें वय ५८ च्या आसपास होतें.

आतां ग्रॅहॅमची खरी हुशारी पाहा. वायु भिंतींतून जातो म्हणजे कसा जातो, हें ठरविण्यासाठीं त्यानें तीन वायूंची साक्ष काढली : हायड्रोजन, प्राणवायु आणि कार्बन डायऑक्साइड. यात्रेंतील गर्दीचा दृष्टांत घेऊं. रुंद रस्त्यावरून लोकांचा लोंढा जातो, तेव्हां कोणालाही स्वतःच्या चालीनें चालतां येत नाहीं. सगळे एकमेकांस घांसत, ढकलत, एकाच प्रवाहानें पुढें सरकतात. तेथें वेग ठरतो तो आपसांतील घर्षणावर. वायूंत या घर्षणालाच चिकटपणा म्हणतात. याच्या उलट, एका वेळीं एकच माणूस जाईल असा अरुंद बोळ असला, तर तरुण झपाट्यानें निघून जातो, म्हातारा सावकाश जातो. तेथें ज्याची त्याची चाल.

केसासारख्या बारीक परंतु लांब काचेच्या नळीतून वायु सोडला, तर तो लोंढ्याप्रमाणें जातो, हें ग्रॅहॅमनें आधींच मोजून ठेवलें होतें. अशा नळीतून कार्बन डायऑक्साइड हा प्राणवायूपेक्षां जड असूनही त्याच्याहून लवकर बाहेर पडतो. प्राणवायूला चार घटका लागल्या तर त्याला सुमारें तीनच पुरतात. कारण त्याचा चिकटपणा कमी. हायड्रोजनही तेथें चौपट वेगानें न जातां दुपटीहून थोड्या अधिक वेगानेंच जातो. ग्राफाइटाच्या चकतीतून मात्र सारा क्रम पालटला. हायड्रोजन जवळजवळ बरोबर चौपट वेगानें गेला, आणि कार्बन डायऑक्साइड प्राणवायूच्या मागें पडला. जडपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबानें त्याला जितका अधिक वेळ लागावा, म्हणजे सुमारें १.१७ पट, जवळजवळ तितकाच लागला. यावरून ग्रॅहॅमनें अनुमान काढलें कीं, ह्या भिंतीचे बोळ इतके अरुंद आहेत कीं लोंढ्याला त्यांत शिरतांच येत नाहीं. रेणु एकएकटेच आपापल्या चालीनें पार होतात. रेणु कोणी पाहिला नव्हता. रेणु आहेत कीं नाहींत याविषयींही वाद होता. अशा वेळीं पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्यावर त्यांची चाल मोजली गेली.

अरुंद म्हणजे किती अरुंद? नेहमींच्या हवेंत एक रेणु दुसऱ्यावर आदळण्यापूर्वीं सरासरीनें मिलिमीटराच्या सुमारें पंधरा हजाराव्या भागाइतकें अंतर चालतो. ह्याला त्याचा मोकळा पल्ला म्हणूं. छिद्र ह्या पल्ल्याहून पुष्कळ रुंद असेल तर रेणु भिंतीपेक्षां एकमेकांवरच अधिक आदळतात, म्हणजे लोंढा होतो. छिद्र पल्ल्याहून अरुंद असेल तर रेणु एकमेकांना क्वचितच भेटतात; ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत पुढें जातात. हा दुसरा प्रकार कोपनहेगनच्या मार्टिन नूड्सन यानें १९०९ सालीं बारकाईनें अभ्यासिला, म्हणून त्याला नूड्सनचा प्रवाह असें नांव पडलें. यांत एक सोय अशी आहे कीं, दाब कमी केला म्हणजे रेणु विरळ होतात आणि मोकळा पल्ला वाढतो. छिद्र तेंच, पण दाब बदलून त्याला रुंद किंवा अरुंद बनवितां येतें.

आधुनिक प्रयोगशाळेंत ग्राफाइटाची परीक्षा होते ती ह्याच सोयीचा उपयोग करून. ग्राफाइटाची कांडी किंवा चकती धातूच्या चौकटींत घट्ट बसवितात. एका अंगास वायु ठराविक दाबानें ठेवतात, दुसऱ्या अंगास दाब त्याहून कमी राखतात. पलीकडे निघणारा वायु मोजण्याची एक रीत इतकी साधी आहे कीं मुलांनाही आवडावी : अंशांच्या खुणा असलेल्या काचेच्या नळींत साबणाचा एक पापुद्रा सोडतात; वायु त्याला वर ढकलतो, आणि तो एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती वेळांत पोहोंचला हें घड्याळांत पाहातात. प्रवाह फारच थोडा असला तर पलीकडील बंद पात्रांत दाब किती हळूहळू वाढतो हें पाहातात. मग सरासरी दाब बदलून पुन्हां मोजतात, पुन्हां बदलतात, पुन्हां मोजतात.

हे आंकडे कागदावर मांडले म्हणजे एक सरळ रेषा मिळते. दाब वाढेल तसा भिंतीचा पाझरही वाढतो, आणि तो किती चढानें वाढतो यावरून रुंद वाटांतील लोंढ्याचें माप कळतें. तीच रेषा मागें वाढवीत दाब शून्य होईल तेथपर्यंत नेली, तर जो पाझर शिल्लक राहातो तो अरुंद वाटांतील एकएकट्या रेणूंचा. अशा रीतीनें एकाच रेषेंतून दोन आंकडे हातीं येतात, आणि दोन्ही मिळून त्या न दिसणाऱ्या वाड्याचा जणुं नकाशाच सांगतात. काम ऐकावयास सोपें, करावयास अवघड. वायु कोरडा पाहिजे, उष्णमान स्थिर पाहिजे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कडेनें गळती होतां कामा नये. ग्राफाइट आणि चौकट यांच्यामध्यें केसाइतकी फट राहिली, तर वायु भिंतींतून न जातां कडेनेंच पळतो, आणि प्रयोग करणारा भोळेपणानें फटीचें माप ग्राफाइटाच्या नांवावर लिहितो.

दुसरी एक परीक्षा आहे तींत दोन्ही अंगांस दाब अगदीं सारखा ठेवतात. फक्त एका अंगावरून एक वायु वाहातो आणि दुसऱ्यावरून दुसरा. दाब सारखा असल्यामुळें लोंढ्याला कारणच उरत नाहीं. दोन वायु एकमेकांच्या घरीं पाहुणे म्हणून जावेत तसे भिंतींतून उलटसुलट जातात. अमेरिकेंत ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत ईव्हान्स, वॉटसन आणि ट्रुइट यांनीं १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ग्राफाइटावर हा प्रयोग हेलियम आणि आर्गॉन या वायूंनीं केला. दाब सारखा, तर देवघेवही सारखीच होणार, एक रेणु गेला तर एक येणार, असें पुष्कळ विद्वानांस वाटत असे. प्रत्यक्षांत हेलियम आर्गॉनच्या सुमारें ३.१६ पट गेला. आर्गॉन हेलियमच्या दसपट जड. दहाचें वर्गमूळ ३.१६. म्हणजे ग्रॅहॅमनें प्लास्टरच्या बोळ्यावर जें पाहिलें होतें, तेंच! सव्वाशे वर्षांपूर्वींचा हा नियम ग्रंथांत होता. पण ग्रंथकारांनीं छिद्रांतून निर्वात जागीं सुटणारा वायु आणि सच्छिद्र भिंतींतून समान दाबानें पसरणारा वायु या दोन गोष्टींची गल्लत करून टाकली होती. नियम सर्वांच्या तोंडीं होता, त्यामागचा प्रयोग विस्मरणांत गेला होता. मूळ पोथी न उघडतां नुसतें पाठांतर चालविलें म्हणजे काय होतें, हें आपणांस वेगळें सांगावयास नको.

वाचक विचारतील, हा सारा खटाटोप कशासाठीं? त्याचें उत्तर अणुभट्टींत आहे. युरेनियमच्या अणूंपासून निघणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यांना मंद केल्यावांचून नेहमींच्या युरेनियमची सांखळी चालत नाहीं. हें मंद करण्याचें काम ग्राफाइट उत्तम करतें. २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें फर्मी यानें जी पहिली अणुभट्टी चालवून दाखविली, ती ग्राफाइटाच्या ठोकळ्यांचीच रचलेली होती. १९५६ सालीं इंग्लंडांत कॅल्डर हॉल येथें ग्राफाइटाच्या विटांमधून कार्बन डायऑक्साइड खेळवून त्याच्या उष्णतेवर वीज निर्माण करूं लागले, आणि पुढें त्या देशांत अशा अनेक भट्ट्या उभ्या राहिल्या.

परंतु विटा सच्छिद्र आणि वायु दाबलेला. तो नुसता विटांच्या अंगावरून जाऊन थांबत नाहीं, त्यांच्या छिद्रांत शिरतो. तेथें किरणांच्या माऱ्यानें त्याचे रेणु फुटतात, आणि फुटलेले तुकडे ग्राफाइटाला आंतून कुरतडूं लागतात. वाळवी लागलेल्या तुळईसारखी वीट बाहेरून जशीच्या तशी दिसते, वजनानें मात्र हलकी होत जाते आणि बळानें खचत जाते. यावर उपाय म्हणून नंतरच्या भट्ट्यांत वायूमध्यें थोडा मिथेन मिसळतात. तो छिद्रांच्या भिंतींवर कार्बनचा पातळ लेप चढवून त्यांचें रक्षण करतो. पण वाटेंतच तो खर्ची पडत जातो. तेव्हां विटेच्या गाभ्यापर्यंत तो पोहोंचतो कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहातो. कांहीं भट्ट्यांच्या विटांत त्याला आंत जातां यावें म्हणून मुद्दाम भोकें ठेवलेलीं आहेत. तो किती पोहोंचतो याचा हिशेब कोणत्या मापावर बसवावयाचा? साबणाच्या पापुद्र्यानें आणि सरळ रेषेनें मिळालेल्या त्याच दोन आंकड्यांवर, आणि दोन वायूंच्या उलटसुलट प्रवासाच्या तिसऱ्या मापावर. विटा एकदां रचल्या म्हणजे भट्टीच्या उभ्या आयुष्यांत त्या बदलतां येत नाहींत. म्हणून आधीं मोजून ठेवणें हाच शहाणपणा.

ग्रॅहॅमच्या जन्मगांवापासून पन्नास किलोमीटरांच्या आंत, क्लाइडच्या खाडीकांठीं हंटरस्टन येथें अशीच एक भट्टी १९७६ सालापासून वीज पुरवीत होती. पुढें तिच्या ग्राफाइटाच्या विटांना भेगा पडूं लागल्या. २०१८ सालच्या तपासणींत त्या अपेक्षेहून अधिक आढळल्या. आणि ७ जानेवारी २०२२ रोजीं ती कायमची बंद झाली. त्या भेगांचें मुख्य कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें विटांच्या अंगांत उत्पन्न होणारे ताण हें होय. वायूनें कुरतडून आलेला अशक्तपणा त्यांना हातभार लावतो. तिला अपघात होण्याची वाट न पाहातां वेळींच विश्रांति देतां आली, ती विटांची स्थिति वर्षानुवर्षें मोजून ठेवल्यामुळें.

ह्याच नियमाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून राहाणें अप्रामाणिकपणाचें होईल. मिश्र वायु सच्छिद्र नळींतून नेला तर हलका भाग अधिक निसटतो आणि वायु निवडले जातात, हेंही ग्रॅहॅमनें १८६३ सालींच चिलमीच्या मातीच्या नळ्यांवर दाखविलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत ओक रिज येथें निकेलच्या सच्छिद्र भिंतींचे हजारों टप्पे लावून हलकें युरेनियम जड युरेनियमपासून याच मार्गानें निवडण्यांत आलें. एका टप्प्यांत फार तर हजारांत चारांचा फरक. पण टप्प्यामागून टप्पा घेत तो वाढत गेला, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर जो बाँब पडला त्याच्या सिद्धतेंत त्याचा वांटा होता. नळीवर पाऱ्याची उंची टिपणाऱ्या त्या सौम्य मनुष्याला याची स्वप्नांतही कल्पना नसेल. नियम निसर्गाचा असतो. त्याचा उपयोग कोणता करावयाचा ही जबाबदारी मात्र माणसाची.

आतां पुन्हां आमच्या झोपाळ्याकडे वळूं. दुसऱ्या दिवशीं मीं नातवाला जवळ बोलावून म्हटलें, "बाळ, तुझ्या प्रश्नाचें उत्तर 'होय' आणि 'नाहीं' असें दोन्ही आहे. ग्राफाइटांतून वारा जातो. पण तुझ्या पेन्सिलींत ग्राफाइटाबरोबर माती मिसळलेली असते आणि भाजल्यावर छिद्रांत मेण मुरविलेलें असतें, म्हणून ती कागदावर गुळगुळीत चालते. त्या मेणानें वाऱ्याच्या वाटा बुजविल्या आहेत." तो म्हणाला, "मग आपल्याला मोजतां येणार नाहीं?" मीं सांगितलें, वायु मोजण्याचें साधन आपल्या घरीं नाहीं, पण भिंत किती पोकळ आहे हें खास मोजतां येईल. अंगणांतील एक कोरडी वीट आणविली. ती वजन करून पाण्याच्या बादलींत सोडली. बुडबुड्यांची माळ वर येऊं लागली तशी सूनबाईही स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन पाहूं लागल्या. "मामंजी, म्हणजे हे बुडबुडे विटेच्या पोटांतले?" त्यांनीं विचारलें. पोटांतलेच; पाणी आंत शिरतांना आंतली हवा बाहेर निघते.

रात्रभर ती वीट पाण्यांत राहिली. सकाळीं मी स्नान आटोपून बाहेर येतों तों वजनकांट्याशीं कोण बसलेले? मुलगा आणि नातू, दोघेही. कोरडी वीट २ किलो ९०० ग्रॅम भरली होती, भिजलेली ३ किलो ३६५ ग्रॅम. "म्हणजे ४६५ ग्रॅम पाणी, म्हणजे ४६५ घन सेंटिमीटर पोकळी," असें चिरंजीव मोठ्यानें म्हणाले, आणि मग मुलाकडे वळून म्हणाले, "आतां शेंकडेवारी तूं काढ." वहींतलीं गणितें त्या दिवशीं बाजूस राहिलीं, पण गणित झालेंच. चांगल्या विटेनें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक पाणी पिऊं नये असा बांधकामाचा दंडक आहे. आमची वीट सोळा टक्क्यांवर थांबली आणि परीक्षेंत उत्तीर्ण झाली.

ग्लासगोच्या त्या वडिलांनीं मुलाच्या कल्याणाचाच विचार केला होता, यांत मला शंका नाहीं. आपण सारे तोच करतों. मात्र मुलानें हातांतल्या वस्तूकडे बोट दाखवून "ह्यांतून काय जातें?" असें विचारलें, तर "कांहीं नाहीं" म्हणण्यापूर्वीं एकदां मोजून पाहावें, एवढीच या महिन्यांत वाचकांस विनंती. पुढील अंकीं याच ओसरीवर पुन्हां भेटूं.